किड्यांचे फोटो काढायचेत? आधी रुईचं एक झुडूप शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला इंदिरानगर, हातात कॅननची एपीएस-सी बॉडी (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि तिच्यासोबत आलेल्या १८-५५ व ५५-२५० अशा दोन लेन्स. मोकळ्यावर, आहेत तिथेच, किड्यांचे फोटो काढायला सुरुवात करायची आहे. त्यासाठी १०० एमएमची मॅक्रो लेन्स घ्यावी का, नाशिकच्या आसपास जायचं कुठे, आणि आत्ता काढलेले फोटो सॉफ्ट आणि अंधारे का येतात? जाता जाता धाकट्या बहिणीला मोबाइलवर हे जमेल का, असंही विचारलंय.

लेन्स आत्ता घेऊ नका. लांब कुठे जाऊही नका. पैसे घालायचेच असतील तर आधी उजेडावर घाला, आणि घरापासून चालत जाता येईल असं रुईचं एखादं झुडूप हेरून ठेवा. खरं तर एवढंच उत्तर आहे, पण कारणं सांगितल्याशिवाय ते तुम्हाला पटणार नाही.

आधी लेन्सचं बघू. मॅक्रो म्हणजे १:१, म्हणजे किडा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर) पडणं. तुमचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे १:१ ला २२ मिलिमीटरचा तुकडा फ्रेमभर येतो. आता पंख मिटून बसलेलं एखादं मोठं फुलपाखरू घ्या. ते या तुकड्यात मावतच नाही! तुमची ५५-२५० लेन्स २५० ला नेऊन, म्हणजे पूर्ण झूम करून, शक्य तितक्या जवळून फोकस केली तर ती जवळपास ०.३ पट प्रतिमा देते. म्हणजे साडेसात सेंटिमीटरचा तुकडा फ्रेममध्ये येतो. फुलपाखरं, चतुर, मोठे नाकतोडे यांना हे पुरून उरतं. शिवाय तुम्ही जवळजवळ हातभर लांब असता, त्यामुळे किडा उडून जात नाही. पहिले काही आठवडे फक्त याच लेन्सवर काढा. तिच्यात काय कमी पडतंय हे कळल्याशिवाय नवीन काही घेण्यात अर्थ नाही.

कमी पडेल ते ढालकिडा, मुंग्या, मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे), उड्या मारणारे कोळी, फुलपाखराची अंडी अशा सहा-सात मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान गिऱ्हाइकांना. तेव्हा ५५-२५० च्या पुढे चिमट्यासारखं बसणारं क्लोज-अप भिंग लावायचं. रेनॉक्सची दोन भिंगं यात प्रसिद्ध आहेत: डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५०. पहिलं ४.८ डायॉप्टरचं (हे भिंगाच्या ताकदीचं माप), दुसरं ८ चं. हिशेब सोपा आहे. लेन्स अनंतावर फोकस केलेली असेल तर लेन्सच्या फोकल लेंग्थला (तिच्यावर लिहिलेल्या १८, ५५, २५० अशा मिलिमीटरच्या आकड्याला) भिंगाच्या फोकल लेंग्थने भागायचं. १५० ची फोकल लेंग्थ साधारण २०८ मिलिमीटर, म्हणून २५० ला झूम केल्यावर सव्वापटीच्या आसपास मिळतं. डीसीआर-२५० ची १२५ मिलिमीटर, म्हणून थेट दुप्पट. दुप्पट ऐकून सगळे त्यावर उडी मारतात. मी सुरुवातीला १५० च घ्यायला सांगतो. त्याने किड्यापासून जवळपास २० सेंटिमीटर अंतर राहतं, डीसीआर-२५० ने जेमतेम १२. शिवाय दुप्पट मोठ्या प्रतिमेत तुमचा श्वाससुद्धा भूकंप वाटतो. झूम फार कमी केला तर कोपरे काळे पडतात, तेवढं लक्षात ठेवा.

या भिंगांची आणखी एक जमेची बाजू म्हणजे ती उजेड खात नाहीत. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) किंवा खरी मॅक्रो लेन्स १:१ ला नेली की सेन्सरवर पोचणारा उजेड दोन स्टॉपनी घटतो, म्हणजे पाव उरतो, भिंगाने जवळजवळ काहीच घटत नाही. ट्यूब तुमच्या १८-५५ ला लावली तर किडा लेन्सच्या काचेला टेकायला येईल, आणि ५५-२५० ला लावून फारसा फरक पडणार नाही. लेन्स उलटी लावायची रिंग स्वस्त मिळते, पण कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) इलेक्ट्रॉनिक असल्याने उलटी लावली की ते सताड उघडंच राहतं. घरात बसून नाण्यावर गंमत म्हणून ठीक, बाहेर वैताग.

पुढेमागे मॅक्रो लेन्स घ्याच, पण ९० ते १०५ एमएममधली घ्या. ६० एमएमची स्वस्त आणि हलकी असते, पण १:१ ला लेन्सचं तोंड किड्याच्या इतकं जवळ जातं की सावली त्याच्यावरच पडते.

आता फोटो सॉफ्ट आणि अंधारे का येतात ते. यात लेन्सचा दोष नाही. इतक्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये राहणारी जाडी हास्यास्पद कमी होते. तुमच्या सेन्सरवर १:१ ला एफ/८ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक बारीक) ती साधारण ०.६ मिलिमीटर, एफ/११ वर ०.९ च्या आसपास. म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्या जाडीएवढी. डोळा फोकसमध्ये आला तर मिशा जातात, मिशा धराव्यात तर डोळा जातो. मग माणूस एफ/२२ लावतो. तिथे विवर्तनाने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच थोडं थोडं धूसर होतं, आणि उजेड इतका कमी पडतो की शटर १/३० वर येतं, वर पानाला वारा. तुमच्या फोटोंचं नेमकं हेच झालंय. एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे जाऊ नका. जाडी वाढवता येत नाही म्हणून ती जागी लावायला शिका. पंख मिटलेलं फुलपाखरू असेल तर सेन्सर पंखांना समांतर धरा, चतुर असेल तर त्याच्या अंगाच्या लांबीला. किडा तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर फक्त डोळे धारदार करा, बाकीचं जाऊ द्या. डोळे धूसर आणि पाठ धारदार असलेला फोटो बघणाऱ्याला कायम चुकलेला वाटतो, मग पाठ कितीही सुंदर असो.

उजेडाचा प्रश्न फ्लॅशने सुटतो. नैसर्गिक उजेडातच काढायचं, असा हट्ट धरणारे लोक भेटतील. त्यांचं चालू द्या, पण सकाळची कोवळी पंधरावीस मिनिटं सोडली तर नाशिकच्या उन्हात भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा ठिपका आणि खाली काळी सावली एवढंच मिळतं. फ्लॅशचा मोठा फायदा वेगळाच आहे. कमी पॉवरवर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. बाकीचा उजेड नगण्य असेल तर तेवढ्याच वेळात फोटो होतो, मग हात हलो की पान हलो. मॅन्युअल मोड, १/२००, एफ/११ किंवा एफ/८, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण पॉवरच्या १/८ ते १/१६. इथून सुरू करा आणि फोटो पाहून फक्त फ्लॅशची पॉवर वरखाली करा. बाकी काही हलवू नका.

फ्लॅश साधा, सेकंडहँडही चालेल. पण घेण्याआधी स्वतःच्या बॉडीवर चढवून पाहा. कॅननच्या काही स्वस्त बॉडींच्या हॉटशूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिनच नसते, आणि तशा बॉडीवर साधे मॅन्युअल फ्लॅश पेटत नाहीत. दुकानदाराला हे माहीत असेलच असं नाही.

नुसता फ्लॅश मात्र उन्हापेक्षा वाईट. त्याच्या पुढे डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, हवा, आणि तो विकत घ्यायची गरज नाही. तत्त्व एवढंच की उजेडाचा स्रोत किड्याच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली कोवळी. म्हणून फ्लॅशच्या डोक्यावर बसवलेली इवलीशी पांढरी टोपी निरुपयोगी. उजेड लेन्सच्या टोकाशी आणून पसरवायला हवा. पॅकिंगमध्ये येणारी पातळ पांढरी फोमची शीट, बटर पेपर, ट्रेसिंग पेपर, पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीचा कापलेला अर्धा भाग, यातलं काहीही चालतं. फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत पुठ्ठ्याची पन्हळ करा, आतून चांदीचा कागद लावा, आणि तोंडाशी पांढऱ्या कागदाचे दोन थर बसवा. दोन थरांमध्ये बोटभर जागा सोडली तर उजेड फारच छान पसरतो. काम नीट झालंय का ते पाहायला ढालकिड्याचा फोटो काढा. त्याच्या चकचकीत पाठीत तुमच्या डिफ्यूजरचं प्रतिबिंब दिसतं. तिथे कडक कडांचा पांढराशुभ्र चौकोन दिसला तर अजून एक थर वाढवा.

फ्लॅशने मागचं सगळं काळं होतं ही तक्रार तुम्ही लवकरच करणार. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने विरतो, त्यामुळे किड्याच्या मागे हातभर काहीच नसेल तर तिथे रात्र होते. उपाय म्हणजे मागे वीतभर अंतरावर दुसरं पान येईल असा कोन निवडायचा, किंवा एखादं सुकलेलं पान चिमट्याने डहाळीला अडकवायचं. काळी पार्श्वभूमी कधीकधी शोभतेही, पण प्रत्येक फोटोत ती आली की सगळे किडे एकाच स्टुडिओत येऊन गेल्यासारखे दिसतात.

ट्रायपॉड घरी ठेवा. तो लावेपर्यंत किडा गेलेला असतो, आणि झुडपाला पाय लागला की शेजारचेही जातात. त्याऐवजी डाव्या हाताच्या दोन बोटांत डहाळी हलकेच धरायची आणि त्याच हाताच्या मनगटावर किंवा पंजावर लेन्सचं टोक टेकवायचं. आता पान, हात आणि कॅमेरा एकत्रच हलतात, म्हणजे एकमेकांच्या हिशेबात स्थिर राहतात. मॅक्रोतलं निम्मं कसब याच एका पकडीत आहे असं माझं मत आहे. ऑटोफोकस बंद करा. किती मोठी प्रतिमा हवी तेवढं झूम आधीच ठरवा, आणि मग फोकस रिंग न फिरवता स्वतः मिलिमीटरभर पुढेमागे झुला. डोळा धारदार दिसला की शटर. एका किड्यावर पाचपंचवीस फ्रेम गेल्या तर वाईट वाटून घेऊ नका, त्यातली एखादी चांगली आली तरी वसूल. दहा-दहा फ्रेम एकत्र करून खोली वाढवण्याचं जे स्टॅकिंग नेटवर दिसतं, त्याच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. त्यासाठी किड्याने निश्चल बसावं लागतं, आणि तसा तो सकाळच्या गारठ्यातच बसतो.

आता रुई. नाशिकमध्ये रिकामा प्लॉट, पाटाची कड, रेल्वेची हद्द, कुठेही ती उगवते आणि तिला कुणी हात लावत नाही. (शनिवारी मारुतीला माळ वाहायची म्हणून आदल्या संध्याकाळी पानं तोडणारे येतात, तेवढे सोडून.) या एका झुडपावर मॅक्रोचा अख्खा अभ्यासक्रम बसलेला असतो. शेंड्याच्या कोवळ्या पानाखाली पिवळाजर्द मावा. तो जागचा हलत नाही, म्हणून फोकसचा सराव त्याच्यावर. माव्याचा गोड स्राव चाटायला मुंग्या येतात. त्या थांबत नाहीत, म्हणून वेळ साधण्याचा सराव त्यांच्यावर. मावा खायला ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या-नारंगी, काटेरी अळ्या. या अळ्या ओळखता न आल्याने लोक फोटोखाली भलतंच काही लिहितात. फुलांवर काळे भुंगे, रुईचं परागीभवन मुख्यत्वे तेच करतात. निळा, पिवळा आणि लाल असा भडक रंगांचा नाकतोडा रुईवरच वाढतो. त्याला पळायची घाई नसते, कारण रुईचं विष त्याच्या अंगात असतं. फार छेडलंत तर अंगातून द्रव उडवतो, म्हणून लेन्सवर फिल्टर असू द्या.

आणि मग प्लेन टायगर. नारंगी पंख, काळी कड आणि त्यात पांढरे ठिपके असलेलं हे फुलपाखरू रुईच्या पानामागे सुटं सुटं अंडं घालतं. अंडं मिलिमीटरभराचं, पांढरट, त्यावर उभ्या रेघा. तुमच्या नव्या भिंगाची परीक्षा इथे. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या. कोष हिरवा, कधी गुलाबीसर. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत हवामानानुसार महिनाभराच्या आसपास लागतं. रोज सकाळी दहा मिनिटं त्याच झुडपाकडे गेलात तर हा सगळा प्रवास एकाच डहाळीवर मिळतो. दर रविवारी नव्या डोंगरावर जाणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. मी लांब जाऊ नका म्हणतो ते यासाठी. किडा शोधायला शिकणं हे कॅमेरा चालवण्यापेक्षा अवघड आहे, आणि ओळखीच्या जागेवर ते लवकर येतं.

एक सावधगिरी मात्र हवी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पान तुटलं असेल तर तो हात व्ह्यूफाइंडरजवळ आणि डोळ्याजवळ नेऊ नका, आधी धुवा.

रुई सापडलीच नाही तर बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर लाइम बटरफ्लायच्या अळ्या बघा. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठेपणी हिरव्या होतात, आणि डिवचल्या की मानेमागून नारंगी शिंग काढतात. (त्या फोटोसाठी डिवचू मात्र नका.) कण्हेरीवर कॉमन क्रो फुलपाखराचा कोष मिळतो. तो धातूसारखा चकाकतो आणि त्यात तुम्ही, तुमचा कॅमेरा आणि सोसायटीची भिंत, सगळं दिसतं. पानफुटीच्या जाड पानांच्या आत रेड पिएरोची अळी बोगदे करत असते.

वेळेचं म्हणाल तर नाशिककरांना एक गोष्ट फुकट मिळालेली आहे: थंडी. किड्याचं अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा सकाळी साडेसहा-सातला चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ किडे) गवताच्या पात्याला चिकटून, अंगभर दंव घेऊन बसलेल्या असतात. सूर्य वर आला की त्या पंख थरथरवू लागतात, आणि मग थोड्याच वेळात खेळ संपतो. मुंबईच्या मित्रांना ही सोय नाही. पाण्याचा फवारा मारून खोटं दंव करणारे आहेत, पण फवाऱ्याचे थेंब ओळखू येतात. ते वेड्यावाकड्या आकाराचे असतात आणि पानावर एका बाजूलाच पडलेले असतात.

विपुलतेचा काळ मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून, साधारण श्रावणापासून दिवाळीपर्यंत. जून-जुलैत वारा फार असतो, तरी पहिल्या पावसानंतर मातीवर येणारा मखमली लाल मृगाचा किडा चुकवू नका. त्याला आठ पाय असतात, म्हणजे शास्त्राने तो कीटक नव्हे, पण आपण कुठे हद्दी आखत बसायचं. त्याच्यासाठी जमिनीवर पालथं पडावं लागतं. एप्रिल-मेमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. ठिबकची नळी जिथे गळते, किंवा जिथे ओली माती आहे, तिथेच काय ते मिळेल.

तुम्ही जागा विचारल्यात. तुम्हाला पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान सर्वांत जवळ. डोंगर चढायची गरज नाही, पायवाटेच्या दुतर्फा कमरेइतक्या उंचीचं जे असतं तेच आपलं. चतुरांसाठी गोदावरीचा किंवा नासर्डीचा काठ. तिथे नारंगी पट्ट्याचे पंख असलेला डिच ज्वेल मिळेलच. पाणी घाण असलं तरी याचं काही अडत नाही, ही आपल्या नदीची शोकांतिका. काठीच्या टोकावर बसणारे चतुर उडाले तरी बहुधा त्याच टोकावर परत येतात. म्हणून मागे धावू नका. फोकस त्या टोकावर ठेवून उभे राहा.

बोरगड आणि अंजनेरी ही दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथे आधी वन विभागाकडे चौकशी करा आणि वाट सोडू नका. अंजनेरीच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात किडे भरपूर, पण तिथे लोळून फोटो काढू नका. त्या पठारावर अंजनेरीचंच नाव लाभलेली सेरोपेजियासारखी दुर्मिळ झाडं उगवतात आणि ती गवतात सहज चिरडली जातात. नांदूरमध्यमेश्वरला सगळ्यांची नजर आकाशाकडे असते. रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथे पक्षी पाहून झाले की एकदा गुडघ्यापर्यंतच्या गवताकडेही बघा. देवळाली कॅम्पात लष्करी हद्दीच्या आसपास कॅमेरा काढू नका.

द्राक्षबागेत किडे भरपूर असतील असं वाटतं, पण तसं नसतं. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीचं वेळापत्रक सुरू होतं. त्या काळात बागेत जाणं तुमच्या प्रकृतीलाही बरं नाही. फवारणीचा ब्लोअर फिरून गेल्यावर लगेच ओळीत गुडघे टेकून बसू नका. बागेपेक्षा बागेचा बांध बघा, तिथल्या तणांवर सगळं सापडतं. मालकाला विचारून जा. विचारण्याचा फायदाही आहे: फुलकिडे, तुडतुडे, मिलीबग, उडद्या हे बागाईतदाराला नुसत्या नजरेने ओळखता येतात. तुमच्या फोटोतला किडा तो सांगेल, आणि लागलीच त्यावरचं औषधही.

पहाटे झुडपात वाकून बसणाऱ्या माणसाने नाशिकमध्ये एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी: बिबट्या. ऊस, नदीकाठची झाडी, मखमलाबाद-गंगापूर पट्टा, निफाड, इथे त्याचा वावर आहे, आणि बसलेला किंवा ओणवा माणूस उभ्या माणसापेक्षा लहान दिसतो. उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर या भागात खाली बसायचं नाही. सोबत एक जण हवाच, आणि त्याने कॅमेऱ्यात न बघता आजूबाजूला बघायचं. गवतात गुडघा टेकण्याआधी काठीने आपटून घ्या, फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत. पावसाळ्यानंतर खाजकुयलीच्या शेंगा ओळखायला शिका, एकदा अंगाला लागली की पुढचा तास फोटोचा राहत नाही. कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ असेल तर तिथून गुपचूप मागे फिरा. फ्लॅश, अत्तर, आरडाओरडा काहीही नको.

किड्याजवळ जाताना रंगीत शर्टाचं फार मनावर घेऊ नका. त्याला कळते ती हालचाल आणि सावली. सूर्य पाठीशी घेऊन गेलात तर तुमच्याआधी तुमची सावली पोचते. आडव्या दिशेने, खालून, थांबत थांबत जा. किडा थबकला की तुम्हीही थबका. तो पुन्हा मिशा साफ करू लागला किंवा खाऊ लागला, म्हणजे तुम्हाला त्याने झुडपात जमा केलं.

फ्रिजमध्ये ठेवून गारठवणं, डिंकाने चिकटवणं, कोष तोडून घरी आणणं, जाळ्यातून कोळी उचलून फुलावर ठेवणं, हे प्रकार तुम्हाला कुणीतरी ‘युक्ती’ म्हणून शिकवेल. करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये अनेक फुलपाखरं आहेत, हा एक भाग झाला. दुसरा असा की गारठवलेला किडा फोटोत तसाच दिसतो: पाय आत ओढलेले, मिशा लोंबत्या. जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं.

बहिणीला मोबाइलवर नक्की जमेल. फोनमध्ये २ मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो’ कॅमेरा असेल तर तो नसल्यातच जमा धरा. मुख्य कॅमेरा दोन पटीवर ठेवून जरा लांबूनच काढावं आणि नंतर कापावं, ते कितीतरी बरं येतं. चिमट्याने लावायची भिंगं मिळतात. ती दोन-तीन सेंटिमीटरवरून फोकस करतात, म्हणून तिने अंडी, कोष, मावा, सुरवंट अशी न पळणारी गिऱ्हाइकं निवडावीत. फोनवर बोट ठेवून फोकस लॉक करायचा आणि फोनच पुढेमागे न्यायचा, पद्धत तीच. सकाळच्या सावलीत, एका बाजूला पांढरा कागद धरला की उजेडाचंही भागतं. गंमत म्हणजे फोनचा सेन्सर लहान असल्याने फोकसची जाडी तिला तुमच्यापेक्षा जास्त मिळेल.

शेवटचं काम कॅमेऱ्याचं नाही. प्रत्येक किड्याचा एक फोटो वरून, एक बाजूने, आणि एक तो ज्या झाडावर आहे त्या झाडाचा काढा. ओळख पटवताना हा तिसराच सर्वांत उपयोगी पडतो, कारण बऱ्याच अळ्या ठरावीक झाडांवरच जगतात. हे आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर तारीख आणि जागेसकट टाकलंत तर जाणकार नाव सुचवतात. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र आधी बरोबर लावून घ्या. बॅटरी पूर्ण उतरली की काही बॉडींमध्ये ते मागे जातं, आणि मग ऑगस्टमधला सुरवंट जानेवारीत नोंदवला जातो.